कोरड्या खड्ड्यावरची उडी

१९९० च्या जुलै महिन्यात बीड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, वरिष्ठ महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक म्हणून मी रुजू झाले, तेव्हा महाविद्यालयाजवळ जमीन होती, पण ट्रॅक नव्हता. इमारतीच्या मागे काळ्या मातीचा साडेचार एकरांचा तुकडा होता. पावसाळ्यात त्यात घोट्यापर्यंत पाय रुतत आणि एप्रिल-मे महिन्यांत हाताचा पंजा सहज आत जाईल एवढ्या भेगा पडत. प्राचार्यांनी मला पहिल्याच दिवशी विचारले की आपल्याला काय काय लागेल. क्रीडासाहित्याची लांबलचक यादी ते हातात घेण्याच्या तयारीत असावेत, पण मी त्यांच्याकडे एकच गोष्ट मागितली, आणि ती म्हणजे मुरूम.

तो मुरूम मिळायला दोन उन्हाळे गेले. जवळच्या पाझर तलावाचे काम निघाले की तेथून ट्रॅक्टर येत, आम्ही ते रिकामे करून घेत असू आणि विद्यार्थ्यांसह मी फावड्याने तो पसरत असे. १९९२ च्या मे महिन्यात दोन दिवसांसाठी रोलर मिळाला आणि मैदान एकदाचे सपाट झाले. सहा लेनच्या ट्रॅकसाठी सुमारे १७२ मीटर लांबी आणि ८८ मीटर रुंदी लागते, म्हणजे साधारण पावणेचार एकर; तेवढी जागा आमच्या तुकड्यात दक्षिणोत्तर बसत होती, हे आमचे भाग्य.

चारशे मीटरचा ट्रॅक आखणे म्हणजे दोन सरळ रेषा आणि दोन अर्धवर्तुळे एकमेकांना जोडणे, एवढे पुस्तकातून कोणालाही कळते. दोन अर्धवर्तुळांच्या केंद्रांमध्ये ८४.३९ मीटर अंतर ठेवायचे असते. मी पोलादी टेपने ते तीन वेळा मोजले, दोन्ही केंद्रांवर तीन-तीन फुटांच्या लोखंडी सळया ठोकल्या आणि त्यांची डोकी जमिनीखाली चार बोटे राहतील अशी माती वर लोटली, कारण मैदानातून गुरेही जात आणि पोरेही. मग सळईला टेपची कडी अडकवून, दुसऱ्या टोकाला खुंटी धरून, पुस्तकात दिलेल्या ३६.५० मीटर त्रिज्येने अर्धवर्तुळ ओढले आणि त्यावर फक्की मारली. दुसऱ्या लेनचा स्टॅगर, म्हणजे बाहेरची लेन लांब पडते म्हणून तिची सुरुवातीची रेषा जेवढी पुढे घ्यायची ते अंतर, पुस्तकाप्रमाणे ७.०४ मीटर ठेवला. पहिल्या सकाळी पांढऱ्या रेषांचा तो पूर्ण घेर पाहताना मला जे वाटले, ते नोकरीच्या पुढच्या बत्तीस वर्षांत फार थोड्या वेळा वाटले.

पण तो ट्रॅक चुकला होता. पुस्तकातील ३६.५० ही त्रिज्या आतल्या कडेला उंच कठडा असलेल्या पक्क्या ट्रॅकसाठी आहे. कठडा असेल तर धावपटू त्यापासून थोडा लांब धावतो, म्हणून अंतर कडेपासून तीस सेंटिमीटरवर मोजतात. नुसती फक्कीची रेषा असेल तर ते वीस सेंटिमीटरवर मोजायचे असते. आमच्याकडे कठडा कोठून असणार? म्हणजे त्रिज्या ३६.६० हवी होती आणि दुसऱ्या लेनचा स्टॅगरही पुढच्या लेनप्रमाणेच ७.६७ मीटर. ही गोष्ट माझ्या लक्षात आली ती वर्षभराने, परीक्षेच्या काळात एका रिकाम्या वर्गात बसून हिशेब करताना. पहिली लेन ६३ सेंटिमीटरने आखूड होती. त्या वर्षी पहिल्या लेनमध्ये चारशे मीटर धावलेल्या मुलामुलींच्या वेळा मी नोंदवहीतून खोडल्या नाहीत. प्रत्येक वेळेपुढे ‘अंतर ३९९.३७’ असे लाल शाईने लिहून ठेवले आणि ज्यांची ज्यांची वेळ होती, त्यांना बोलावून ते दाखवले. एका मुलीने विचारले, “मॅडम, एवढ्याशानं काय होतंय?” मी तिला ऑगस्ट १९८४ सांगितला.

तेव्हा मी वीस वर्षांची होते आणि बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. लॉस एंजलिसच्या ऑलिम्पिकमध्ये पी. टी. उषा चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत चौथी आली. तिची वेळ ५५.४२ सेकंद आणि तिसऱ्या आलेल्या रुमानियाच्या धावपटूची ५५.४१. दुसऱ्या दिवशी वाचनालयात वर्तमानपत्रासाठी रांग होती आणि माझा नंबर आला तेव्हा ते पान हाताळून मऊ झाले होते. मी स्वतः आठशे मीटर धावत असे, अनवाणी, आणि आमच्या जिल्ह्याच्या स्पर्धांत वेळ हाताच्या घड्याळाने सेकंदाच्या दशांशापर्यंत घेत. शतांश म्हणजे किती, याची कल्पना करण्याचा मी त्या दिवशी बराच वेळ प्रयत्न केला. पुढे अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात बी.पी.एड. करायला जाण्याचा हट्ट मी घरी धरला, त्याचे मूळ त्या पानात आहे. घरच्यांना वाटले होते की मुलगी एखाद्या शाळेत पी.टी.ची बाई होईल. मला मात्र मोजणारी व्हायचे होते, जिच्या मोजण्यावर कोणी शंका घेऊ नये अशी.

पहिल्या वर्षी सरावाला सात मुली आल्या. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली, पायात कॅनव्हासचे बूट किंवा काहीच नाही. पहाटे साडेपाचला येताना प्रत्येकीबरोबर भाऊ किंवा आई असे. मी त्यांना मैदानाच्या कडेला बसायला सतरंजी टाकून दिली आणि कितीही वेळ बसा असे सांगितले. महिनाभराने आया येईनाशा झाल्या, कारण त्यांची खात्री पटली होती आणि घरी कामेही होती. या टप्प्याविषयी पुष्कळजण मला विचारतात, पण तो खरे तर सोपा होता. अवघड भाग पुढे होता आणि तो मीच निर्माण केला.

१९९४ च्या उन्हाळी सुटीत मी पतियाळाला राष्ट्रीय क्रीडा संस्थेत सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम केला. १९६१ साली मोतीबाग राजवाड्यात सुरू झालेली ही संस्था म्हणजे देशातील प्रशिक्षक घडवण्याची मुख्य जागा. तेथील व्याख्याने, ग्रंथालय, इतर राज्यांतून आलेले प्रशिक्षक, या सगळ्यांनी मी भारावून गेले. वार्षिक सराव आराखडा कसा करायचा, पायाभूत टप्पा किती आठवड्यांचा, स्पर्धापूर्व टप्प्यात वेगाचे काम कसे वाढवायचे, हे सगळे मी दोन जाड वह्यांत उतरवून आणले आणि जूनमध्ये जसेच्या तसे आमच्या मैदानावर लागू केले. नोव्हेंबरमध्ये आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होत्या. दिवाळीनंतरच्या एका सकाळी पंधराशे मीटर धावणाऱ्या एका मुलीला मी चारशे मीटरच्या आठ फेऱ्या दिल्या, मध्ये दोन-दोन मिनिटांची विश्रांती. पाचव्या फेरीनंतर ती म्हणाली की डोळ्यांपुढे अंधारी येते. मी म्हणाले, “तीनच राहिल्यात बाळा, सोडू नको.” सहाव्या फेरीच्या शेवटच्या वळणावर ती पडली.

ग्रामीण रुग्णालयात तिचे रक्त तपासले. हिमोग्लोबिन ७.८ निघाले. स्त्रियांमध्ये ते १२ ग्रॅमच्या वर असावे लागते. डॉक्टर माझ्यावर रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारले की या मुली सकाळी पळायच्या आधी काय खातात, आणि मला उत्तर देता आले नाही. पाच महिने मी तिच्या प्रत्येक फेरीची वेळ लिहीत होते. तिच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारे द्रव्यच हवे त्याच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास आहे आणि म्हणून तिच्या वेळा सुधारत नाहीत, हे त्या आकड्यांत दिसत होते, पण मी ते आळस म्हणून वाचले. ती मुलगी बरी झाली, पदवीधर झाली, तिचा संसार चांगला आहे आणि ती अजून मला भेटायला येते. तरीही “सोडू नको” हे शब्द मी त्यानंतर मैदानावर कधी उच्चारले नाहीत.

त्या वर्षापासून जुलैमध्ये प्रवेश झाले की पहिला आठवडा धावणे नाही, तर रक्ततपासणी. मुलींच्या पहिल्या तपासणीत १२ च्या वर आकडा मी क्वचितच पाहिला. लोहाच्या गोळ्या रुग्णालयातून मिळत. त्या जेवणानंतर लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्यायच्या आणि पुढे तासभर चहा प्यायचा नाही, एवढे पाळले तर दोन-तीन महिन्यांत फरक दिसे. आमच्याकडे चहा सोडवणे गोळी खायला लावण्यापेक्षा कठीण आहे. सरावानंतरच्या खाण्यासाठी मी महागडे काही सांगितले नाही, कारण सांगून ते कोणाला परवडणार नव्हते. शेंगदाणे आणि गूळ, भिजवलेला हरभरा, मोड आलेली मटकी, ज्वारीच्या भाकरीबरोबर कारळाची चटणी, आणि ज्या घरात चालत असेल तेथे उकडलेले अंडे. पतियाळाच्या वह्या मी जपून ठेवल्या, त्यांतील शास्त्र खरेच होते. चूक एवढीच की ते शास्त्र भरल्या पोटाच्या, वसतिगृहात राहणाऱ्या, बाराही महिने मैदानावर हजर असणाऱ्या खेळाडूसाठी लिहिलेले होते, आणि माझे खेळाडू दसऱ्याला निघून जात.

हे जाणे बाहेरच्या वाचकाला समजावून सांगावे लागेल. बीड जिल्ह्यातून दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, त्या मार्च-एप्रिलमध्ये परततात. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते आणि ती हंगामभर राबून फेडायची असते. लहान भावंडे सांभाळायला, कोपीवर, म्हणजे तेथल्या तात्पुरत्या झोपडीवर, स्वयंपाक करायला मोठी मुलगी बरोबर लागते. किंवा तिला मागे एकटी ठेवायला नको म्हणून घाईने तिचे लग्न लावतात आणि तिचा स्वतःचा कोयता होतो. शाळकरी मुलांसाठी शासनाची हंगामी वसतिगृहे असतात, पण महाविद्यालयीन मुलींसाठी माझ्या बहुतेक सेवाकाळात तशी काही सोय नव्हती. आता आंतरमहाविद्यालयीन आणि आंतरविद्यापीठ स्पर्धांचे वेळापत्रक पाहा: ऑक्टोबर ते जानेवारी. म्हणजे धावण्याचा हंगाम आणि उसाचा हंगाम एकच.

मी कितीतरी वर्षे या गोष्टीला अडचण मानत राहिले आणि हातची मुलगी गेली की हळहळत राहिले. मग साधारण २००० सालानंतर आराखडाच उलटा मांडायला सुरुवात केली. एप्रिलमध्ये टोळ्या परतल्या की मुली मैदानावर येत. सहा महिने पहाटे तीन-चारला उठून ऊस तोडलेल्या, मोळ्या डोक्यावरून वाहिलेल्या मुलींची पाठ आणि खांदे दणकट झालेले असत, पण वजन उतरलेले असे आणि पोटऱ्या लाकडासारख्या कडक. त्यांना पहिले सहा आठवडे घड्याळ नाही. पहाटे पाचला पांदण रस्त्याने गप्पा मारत हळूहळू पळायचे, बोलता आले नाही तर वेग जास्त आहे असे समजायचे. मे महिन्यात नऊनंतर ऊन बेचाळीस अंशांकडे जाऊ लागते, म्हणून साडेसहाला सराव बंद. जूनपासून बालाघाटच्या उतारांवर चढाचे काम, ऑगस्टमध्ये वेग, आणि सप्टेंबरच्या शेवटी मैदानावरच आमची स्वतःची चाचणी स्पर्धा. विद्यापीठाची स्पर्धा नंतर असे, पण जी दसऱ्याला जाणार होती तिलाही त्या वर्षी एकदा पूर्ण तयारीनिशी, मोजलेल्या ट्रॅकवर, तीन घड्याळांनी वेळ घेतलेली शर्यत धावायला मिळे आणि तिची वेळ वहीत राही. त्या चाचणी स्पर्धेला प्रमाणपत्र नव्हते, गुण नव्हते. माझ्या मते माझ्या नोकरीत मी केलेले सर्वांत उपयोगी काम तेच.

मागे राहू शकतील अशा मुलींसाठी मात्र दसऱ्याआधी गावोगाव जावे लागे. उचल घेतलेल्या घरात जाऊन धावण्याविषयी बोलणे सोपे नसते, आणि तेथे खेळाचे मोठेपण सांगणे मला कधी प्रशस्त वाटले नाही. २०१७ साली प्रथम वर्षाला आलेल्या एका मुलीच्या घरी मी अशीच गेले होते. आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, “मॅडम, पळून लेकीला काय भेटनार हाय ते सांगा. मग ठिवते.” मी खरे ते सांगितले: नोकरीची खात्री मी देऊ शकत नाही, पदवी पूर्ण होईल, तोवर ती माझ्या घरी राहील आणि तिचे लग्न तुम्ही मला विचारल्याशिवाय ठरवणार नाही, एवढा शब्द मला हवा. वडील बराच वेळ उंबऱ्याबाहेर उभे होते. ते म्हणाले, “मॅडम, ती आली न्हाई तर धाकट्याला कोन बघंल?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. उत्तर आजीने दिले. ती म्हणाली की यंदा मी जाते टोळीबरोबर. सत्तरीला टेकलेली बाई नातीच्या जागी कोपीवर गेली. माझ्या प्रशिक्षणाच्या गुणवत्तेविषयी कोणी बोलू लागले की मला ती म्हातारी आठवते.

ही मुलगी तीन हजार मीटर चांगली धावे, पण तिच्यापाशी शेवटच्या फेरीचा वेग नव्हता. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये भुवनेश्वरला अविनाश साबळे यांनी तीन हजार मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायची शर्यत, ८ मिनिटे २९.८० सेकंदांत पूर्ण केली आणि गोपाळ सैनी यांचा १९८१ पासूनचा ८:३०.८८ हा राष्ट्रीय विक्रम मोडला. साबळे आमच्याच जिल्ह्यातील, आष्टी तालुक्यातील मांडव्याचे. आमच्या मैदानावर ती बातमी अशी पसरली की आठवडाभर मुले मिळेल त्या ओंडक्यावरून उड्या मारत होती. ती मुलगीही म्हणाली, “मॅडम, मला हे शिकवा.”

शिकवायचे तर अडथळे हवेत. मुलींसाठी अडथळ्याची उंची ७६.२ सेंटिमीटर असते आणि तो साध्या हर्डलसारखा धक्क्याने पडत नाही, भक्कम असतो. त्यावर पाय ठेवून जाता येते. गावातल्या सुताराकडून आम्ही बाभळीच्या लाकडाचे चार अडथळे करून घेतले. पूर्ण शर्यतीत असे अडथळे २८ वेळा आणि पाण्याचा अडथळा ७ वेळा ओलांडायचा असतो. पाण्याच्या अडथळ्यामागे खड्डा असतो, अडथळ्याच्या पायथ्याशी सर्वांत खोल आणि पुढे उताराने वर येणारा. म्हणून जो लांब उडी घेतो, त्याला कमी पाण्यात पाय टाकावा लागतो. मुलांनी एका रविवारी तसा खड्डा खणला, आत प्लास्टिकचा कागद अंथरला आणि मला म्हणाले की आता एक टँकर सांगा.

तो ऑक्टोबर २०१८ होता. त्याच महिन्याच्या शेवटी राज्य सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला आणि त्यात आम्ही होतो. जी मुलगी पहाटे सरावाला येण्यापूर्वी माझ्याच घराच्या गल्लीत नळाच्या रांगेत दोन घागरी लावून येत होती, तिच्या पायाखाली भिजायला टँकरभर पाणी ओतायचे, हे मला सांगता आले नाही आणि मुलांनीही पुन्हा विषय काढला नाही. आम्ही कागद काढला आणि खड्ड्यात उतार तसाच ठेवून नदीची वाळू भरली. वाळूवर एक चुन्याची रेषा मारली आणि तेथपर्यंत पाणी आहे असे धरून तिने पंधरा महिने उडी मारली. अडथळ्यावर डावा पाय, गुडघा वाकलेला, अंग पुढे झुकलेले, मग पायाने अडथळा मागे ढकलून रेषेपलीकडे उजवा पाय, आणि लगेच डावा पाय कोरड्या ट्रॅकवर. रेषेच्या अलीकडे पाय पडला की ती स्वतःच म्हणे, “बुडाले मॅडम.”

२०२० च्या जानेवारीत अखिल भारतीय आंतरविद्यापीठ मैदानी स्पर्धा कर्नाटकात मूडबिद्रीला झाल्या. ती विद्यापीठाच्या संघात होती आणि मी संघाबरोबर होते. तेथे आदल्या दिवशी सरावाच्या वेळी तिने आयुष्यात पहिल्यांदा भरलेला पाण्याचा अडथळा पाहिला. ती काठावर थांबली आणि बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिली. मला वाटले की ती घाबरली असावी, म्हणून मी जवळ गेले. ती म्हणाली, “मॅडम, हे रोज बदलत असतील का?” मी म्हणाले, नसतील. तिने विचारले, “मग शर्यत झाल्यावर?” मी तिला बूट घालायला सांगितले, कारण तो प्रश्न तेथे सोडवण्याची वेळ नव्हती.

पहिल्या तीन उड्या फसल्या. वाळूत पाय रुतला तरी तो कोरडाच निघतो. पाण्यातून निघालेला बूट जड होतो आणि पुढच्या पावलाचा अंदाज चुकतो, हे मला पुस्तकातून माहीत होते, पण तिच्या पायाला माहीत नव्हते. चौथ्या उडीपासून तिने पाऊल थोडे आखूड केले. शर्यतीत ती पहिल्या दहांत नव्हती. सातपैकी सहा वेळा तिचा पाय उथळ पाण्यात, अगदी कडेजवळ पडला, आणि एकदा, पाचव्या फेरीत, ती मांडीपर्यंत भिजली, पण थांबली नाही. वहीत तिची वेळ ११:४८.६ अशी आहे. त्या शर्यतीतील आघाडीच्या मुली तिच्यापेक्षा मिनिटभराहून अधिक पुढे होत्या, आणि त्यांतील पुष्कळजणी बाराही महिने सिंथेटिक ट्रॅकवर सराव करणाऱ्या होत्या, हेही मी लिहून ठेवले आहे. सबब म्हणून ते लिहिलेले नाही. पुढच्या प्रशिक्षकाला अंतर नेमके कशाचे आहे हे कळावे म्हणून लिहिले.

दोन महिन्यांनी टाळेबंदी लागली. तिचे आईवडील, आजी आणि धाकटा भाऊ कारखान्याच्या अड्ड्यावर अडकले होते. एप्रिलच्या उत्तरार्धात परवानगी मिळाल्यावर ते परतले. मैदान दीड वर्ष बंद राहिले आणि तिचे स्टीपलचेस तेथेच संपले. पुढे ती पोलीस भरतीच्या तयारीला लागली. मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक, मिळून ५० गुणांची मैदानी चाचणी असते. ती पहिल्याच प्रयत्नात भरती झाली.

माझ्या हाताखालच्या बहुसंख्य मुलामुलींचे धावणे असेच भरतीच्या मैदानावर जाऊन थांबले आहे. सुरुवातीची पंधरा-वीस वर्षे मला याचे दुःख होई; पंधराशेची उत्तम धावक आता आठशेपुरताच सराव करणार, असे वाटून मी त्यांना नीट बोलूनही दाखवत नसे. यात मी त्यांच्यावर अन्याय केला. ज्या घरात पहिला नियमित पगार धावण्यामुळे आला, त्या घराला मी कोणत्या पदकाविषयी सांगणार होते? नंतर मी भरतीच्या गटासाठी आठवड्यातले तीन दिवस वेगळे काढले आणि तेही काम तेवढ्याच काटेकोरपणे केले. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत साबळे यांनी ८:११.२० अशा वेळेत रौप्यपदक घेतले, सुवर्णपदकापासून फक्त पाच शतांश सेकंद मागे. १९९८ ते २०१८ या काळात त्या शर्यतीतले प्रत्येक पदक केनियाकडे गेले होते. ती शर्यत आम्ही मैदानाशेजारच्या खोलीत एका मोबाइलवर पाहिली. खोलीतल्या अकरा जणांपैकी नऊ जण भरतीची तयारी करणारे होते. साबळेही बारावीनंतर सैन्यात गेले आणि धावणे त्यांनी तेथेच गांभीर्याने सुरू केले, हे त्यांतल्या प्रत्येकाला पाठ होते.

जून २०२४ अखेर मी निवृत्त झाले. माझ्या जागी कायम नेमणूक झालेली नाही; तासिका तत्त्वावर एक तरुण आला आहे, स्वतः चारशे मीटर धावलेला, शांत आणि नेमका. शेवटच्या आठवड्यात मी त्याला नोंदवह्या, तिन्ही घड्याळे आणि बाभळीचे अडथळे सोपवले, आणि मग आम्ही केंद्राच्या सळया शोधायला मैदानावर गेलो. मुरूम उकरून दोन्ही सापडल्या. त्याने आपली नवी पोलादी टेप आणली होती. माझी जुनी पोलादी टेप २०१५ साली तुटल्यापासून मी कापडी टेप वापरत होते, आणि ती ताणली जाते हे मला माहीत असूनही दर वर्षी नवीन घ्यायचे राहून गेले होते. त्याने एक टोक माझ्या हाती दिले, दुसऱ्या सळईपाशी जाऊन वाकून वाचले, पुन्हा वाचले आणि मला जवळ बोलावले. ८४.३३. दक्षिणेकडची सळई आत कलली होती. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते, आणि मध्यंतरी एका सभेच्या मांडवासाठी मैदानावर जड गाड्याही आल्या होत्या. कोणत्या वर्षी ती कलली ते सांगता येणार नाही.

आम्ही तेथेच मातीत बसून हिशेब केला. एका केंद्राला सहा सेंटिमीटर, म्हणजे दोन सरळ रेषा मिळून एका फेरीला बारा. पाच हजार मीटरच्या साडेबारा फेऱ्यांना दीड मीटर. त्याने विचारले, “मॅडम, २०१५ नंतरच्या सगळ्या वेळा का?” मी म्हणाले, सगळ्या. संध्याकाळपर्यंत आम्ही सळई सरळ करून, भोवती सिमेंट ओतून, अंतर पुन्हा मोजले. मग मी २०१५ ची वही उघडली, लाल पेन घेतले आणि पहिल्या पानापासून लिहायला सुरुवात केली.